नुसतं राहायचंय : पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सहकारी पतसंस्था व नागरी सहकारी बँका यांचे अध्यक्ष, संचालक आणि कर्ज विभागातील सर्व मंडळी,

स. न. वि. वि.

एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत मी एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची एकवीस कर्ज विभागात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. जामीनदार सहीला यायच्या आधी फाइलीत जिथं जिथं सही हवी तिथं मी पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवायचो. कर्जरोखा, वचनचिठ्ठी, जामीनपत्र, नाममात्र सभासदत्वाचा अर्ज, पगारातून कपातीचं संमतीपत्र, वर ओळखपत्रांच्या झेरॉक्स. माणूस समोर बसला की फाइल त्याच्याकडं फिरवायची आणि एका फुलीवरून दुसऱ्या फुलीवर बोट न्यायचं. चहा येईपर्यंत काम आटपलेलं असायचं. कुणी चष्मा लावून वाचायला लागलाच, तर माझं वाक्य ठरलेलं होतं, “काही नाही हो काका, कर्ज त्यांचं आहे, तुम्हाला नुसतं राहायचंय.” काका हसून चष्मा परत खिशात ठेवायचे. ते गेले की मी खोडरबरानं फुल्या पुसायचो.

त्या ‘राहायचंय’बद्दल हे पत्र आहे.

एकदा मार्चअखेरच्या धामधुमीत एका हायस्कूलचे शिपाई हातात नोटीस घेऊन आले. नोटीस आमचीच, मीच टाइप केलेली. टोपी काढून त्यांनी ती टेबलावर उलगडली आणि म्हणाले, “साहेब, नावात कायतरी घोळ झालाय. म्या कर्ज काढलंच नाही.” मी फाइल काढली. म्हटलं, “कर्ज त्यांनी काढलंय, तुम्ही जामीन आहात.” “हां हां, त्याला मी राहिलो होतो,” ते म्हणाले, “पण पैसं त्यानं घेतलं की.”

‘राहिलो होतो.’ पुण्याला भाच्याच्या लग्नाला दोन दिवस राहिलो होतो, असं म्हणतात तसं. त्यांच्या लेखी ते राहणं सही केली त्या दुपारीच संपलं होतं. आमच्या लेखी ते कर्जाची शेवटची पै फिटेपर्यंत चालू होतं. कर्जदार तोवर गाव सोडून गेला होता. शिपाईमामांच्या पगारातून जवळपास तीन वर्षं कपात झाली. अजून ते रस्त्यात भेटले की आधी तेच नमस्कार करतात, आणि मला कुठं बघावं कळत नाही.

त्यांना मी फसवलं का? माझ्या मते तेव्हा तरी नाही, कारण मी त्यांच्याशी मराठीत बोललो होतो आणि मराठीत ‘जामीन राहणे’ असंच म्हणतात. गोम तिथंच आहे. ‘राहणे’ हे क्रियापद बघा. माणूस उपाशी राहतो, गप्प राहतो, घरी राहतो, मागे राहतो. या सगळ्यांत करायचं काहीच नसतं, आहे तसं असायचं असतं. जामीन राहणंही मग त्याच रांगेत जाऊन बसतं. कर्ज ‘काढतात’, हप्ता ‘भरतात’, घर ‘गहाण टाकतात’, सोनं ‘तारण ठेवतात’. पैशाच्या व्यवहारातल्या या सगळ्या क्रियापदांत हाताला काहीतरी काम आहे, खिशाला काहीतरी चाट आहे. गहाण टाकताना तर ‘टाकणे’ म्हणतानाच पोटात खड्डा पडतो. एकट्या जामीनदाराच्या वाट्याला हे असं आरामखुर्चीतलं क्रियापद आलंय.

आणि याच क्रियापदाचा दुसरा उपयोग तुमच्या-माझ्या खतावणीत रोज होतो. बाकी ‘राहते’. कर्जदारानं न भरता जी बाकी राहिली, ती जो जामीन राहिला त्याच्याकडं जाते. आमच्याकडचे एक जुने लेखापाल हे सुपारी कातरता कातरता हसत सांगायचे. जामीनदारांना मात्र कुणी कधी सांगितलं नाही.

वाक्याची रचना याहून जास्त घोटाळ्याची आहे. ‘मी त्याला जामीन राहिलो’ या वाक्यात माणसं किती? दोन. मी आणि तो. ‘त्याला’ म्हणजे मित्राला, मेहुण्याला, शाळेतल्या सहकाऱ्याला. पैसे देणारी संस्था वाक्यात कुठंच नाही. म्हणजे मराठी बोलणाऱ्याच्या मनात हा व्यवहार दोघांतला आहे, मैत्रीचा आहे, ‘तू मला राहा, मी तुला राहतो’ असा आहे. शिक्षकांच्या, एसटीच्या, साखर कारखान्याच्या कामगारांच्या पतसंस्थांत ही अशी फेड चालतेच. यानं त्याला सही द्यायची, त्यानं याला.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या १२६ व्या कलमात हमीच्या कराराची व्याख्या आहे, आणि ती म्हणते की तिसऱ्या माणसानं कसूर केली तर त्याचं वचन पुरं करायचं किंवा त्याचं देणं चुकतं करायचं, असा हा करार. हा ‘तिसरा माणूस’ कोण? तुमचा मित्र! कायद्याच्या नजरेत करार तुमचा आणि संस्थेचा आहे, मित्र त्यातला तिसरा. आणि मराठीच्या नजरेत करार तुमचा आणि मित्राचा आहे, संस्था तिसरीसुद्धा नाही, ती वाक्याबाहेर टेबलाच्या पलीकडं बसून फुल्या पुसते आहे. मी एकवीस वर्षं ज्या जागी बसलो तिथून हे दिसायला हवं होतं. दिसलं निवृत्तीनंतर, आमच्या वकिलांकडं एकदा ते पुस्तक उघडं पडलेलं होतं तेव्हा.

शब्दाचा दोष म्हणावा तर तोही पुरता नाही. जामीन हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडं आला आणि मूळ अर्थ आहे हमी घेणारा माणूस. मराठेशाहीतल्या कागदांत जामिनाचे प्रकार वेगळे होते. माणसाला ठरल्या दिवशी हजर करीन म्हणणारा तो हाजीरजामीन, पैशाची हमी घेणारा तो मालजामीन, आणि जे लिहून द्यायचं तो जामीनकतबा. कुठल्या गोष्टीला आपण जामीन आहोत, हे शब्दातच कळायचं. आपण पुढं हे सगळे कप्पे मोडून एकच ‘जामीन’ ठेवला. हिंदीवाल्यांनी निदान माणूस तो जामिन आणि वस्तू ती जमानत, एवढा फरक राखला आहे, म्हणून त्यांच्या उमेदवाराची जमानत जप्त होते. आपल्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त होतं आणि जामीन मिळतो तो आरोपीला. रोजच्या पेपरात ‘जामीन मंजूर’ वाचून वाचून तो शब्द सुटकेचा, हायसं वाटण्याचा झाला आहे. कुणाला तरी जामीन ‘मिळतो’ आणि घरचे पेढे वाटतात. अशा शब्दाला ‘राहणे’ जोडलं की काळजी कुणाला वाटणार?

तुमच्या जामीनपत्राची भाषा यावर उतारा असेल असं कुणी म्हणेल. मी ते पत्र शेकडो वेळा टाइप केलं आहे. त्यातलं एक वाक्य सगळ्याच संस्थांच्या नमुन्यात थोड्याफार फरकानं असतं: ‘सदर कर्जाच्या परतफेडीस आम्ही कर्जदार व जामीनदार संयुक्तिकरीत्या व वैयक्तिकरीत्या जबाबदार राहू.’ बघा, इथंही शेवटी ‘राहू’ आहेच. पण मला बोलायचंय ते त्या आधीच्या दोन शब्दांबद्दल. संयुक्तिक म्हणजे सगळे मिळून, हे लोकांना कळतं. मग वैयक्तिक म्हणजे काय? विचारून बघा. दहातले नऊ सांगतील, “ज्याचा त्याचा वाटा ज्यानं त्यानं भरायचा.” शब्दाचा रोजचा अर्थ तोच होतो की! प्रत्यक्षात अर्थ बरोबर उलटा आहे. प्रत्येक जण एकटा पूर्ण रकमेला जबाबदार. समजा बाकी दोन लाख चाळीस हजार आहे आणि जामीनदार दोघं आहेत. संस्था सगळे दोन लाख चाळीस हजार एकाकडून घेऊ शकते. आणि घेते कुणाकडून, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याचा पगार कपातीत सापडतो त्याच्याकडून. दुसरा जामीनदार पानटपरीवाला असेल तर त्याच्याकडं वर्षातून एकदा जीप जाते, तीही आधी कळवून. पगारवाल्यानं सगळं भरल्यावर १४६ वं कलम त्याच्या बाजूचं आहे, दोघांत समान वाटणी, म्हणजे एक लाख वीस हजार तो टपरीवाल्याकडं मागू शकतो. पण ते त्यानं स्वतः मागायचे, स्वतःच्या वकिलामार्फत, स्वतःच्या खर्चानं. संस्थेची फाइल तोवर बंद होऊन माळ्यावर गेलेली असते.

दुसरा मोठा गैरसमज रांगेचा. आधी कर्जदाराकडं जा, त्याचं घर विका, ट्रॅक्टर ओढून न्या, काहीच निघालं नाही तर मग माझ्याकडं या, असं जामीनदाराला वाटतं. वाटणं साहजिक आहे, कारण माणसामाणसांत तसंच असतं. कायद्यात ही रांग नाही. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर कर्जदाराची जबाबदारी जेवढी तेवढीच जामीनदाराची. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या कोर्टानं ‘आधी कर्जदाराकडून वसूल करा’ अशी अट घातली होती आणि ती पाटणा हायकोर्टातही टिकली. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये ती काढून टाकली. धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, थांबायला लावायचं असेल तर हमीचा उपयोगच काय, असा त्या निकालाचा रोख. निकाल चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ठेवीदारांचा पैसा वाटणाऱ्या माणसाला त्यातलं शहाणपण कळतं. पण १९६८ साली ठरलेली गोष्ट आजही जामीनदाराला पहिल्यांदा कळते ती नोटिशीतून.

नोटिशीचीही एक गंमत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली आपण वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी जप्तीनं वसूल करण्याच्या हुकमासाठी, सहकार खात्याच्या निबंधकांकडं अर्ज करतो, तेव्हा त्यात शब्द येतो ‘जाबदेणार’. जाबदेणार क्रमांक एक कर्जदार, दोन आणि तीन जामीनदार. इतके दिवस जो नुसता राहत होता तो अचानक जाब देणारा होतो. मला हा शब्द आवडतो. सहीच्या दिवशी तो वापरला असता तर बरेच चष्मे खिशातून बाहेर आले असते. दाखला निघाला की याच कायद्याखालच्या नियम १०७ प्रमाणे जप्तीचे अधिकार घेऊन विशेष वसुली अधिकारी दारात. आणि दाखला चुकीचा आहे असं म्हणत कलम १५४ खाली वर दाद मागायची तर आधी वसूलपात्र रकमेच्या निम्मे पैसे संस्थेत भरा, तरच अर्ज ऐकला जाईल. ज्यानं एक रुपया कर्ज घेतलं नाही त्यालाही हेच लागू. पगारवाल्याचं तर आणखी सोपं. कलम ४९ चं संमतीपत्र पहिल्याच दिवशी त्या गठ्ठ्यात सही होऊन पडलेलं असतं, मुख्याध्यापकांना किंवा कार्यालयाला पत्र गेलं की कपात सुरू.

मोठ्यांना वेगळा नियम आहे, असा सूर मला लावायचा नाही. नोव्हेंबर २०१९ च्या अधिसूचनेनं कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणारे प्रवर्तकही, म्हणजे कंपनी उभी करणारे मालकही, दिवाळखोरी संहितेच्या कक्षेत आले आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अधिसूचना उचलून धरली. कंपनीचं देणं दिवाळखोरीतल्या तडजोडीच्या आराखड्यात मिटलं म्हणून प्रवर्तकाची हमी आपोआप मिटत नाही, हेही त्यात आलं. फरक एवढाच की त्या प्रवर्तकांनी सही केली तेव्हा शेजारी वकील बसलेला होता. शिपाईमामांच्या शेजारी मी होतो, पेन्सिल घेऊन.

जामीनदाराला कायद्यानं काही हक्कही दिले आहेत. मूळ कराराच्या अटी त्याच्या संमतीवाचून बदलल्या तर पुढच्या व्यवहारापुरता तो सुटतो. संस्थेनं त्याला न विचारता कर्जदाराशी तडजोड केली, मुदत वाढवून देण्याचं किंवा दावा न लावण्याचं कबूल केलं, तरी सुटतो. त्यानं पैसे भरले की संस्थेचे कर्जदाराविरुद्धचे सगळे हक्क आणि तारण त्याच्याकडं येतात. करार कायद्याच्या कलम १३३ पासून १४१ पर्यंत वाचत जा, जामीनदाराविषयी कायद्याला बरीच कणव आहे. पण आपल्या छापील नमुन्यात खाली बारीक टायपात काय असतं? ‘उक्त कलमांन्वये मला प्राप्त होणारे हक्क मी सोडून देत आहे.’ ते वाक्य मी कधी कुणाला वाचून दाखवलं नाही. खरं सांगायचं तर पहिली सात-आठ वर्षं मी स्वतःही ते वाचलेलं नव्हतं.

‘माझी जामीनकी काढून टाका’ असा अर्ज घेऊन लोक येतात, भांडण झाल्यावर विशेषतः. चालू राहणाऱ्या हमीत, म्हणजे दुकानदाराच्या कॅश क्रेडिटसारख्या, लागतील तसे पैसे उचलायच्या खात्यात, पुढच्या उचलीपुरती माघार घेता येते. एकदाच उचललेल्या मुदत कर्जात येत नाही. जामीनदार वारला तर संपलं, हाही भाबडेपणाच. आधी झालेलं देणं त्याच्या मालमत्तेतून वसूल होतं, वारसांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतं. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांसोबत आमचा वसुलीचा माणूस ओसरीवर बसलेला मी पाहिलाय. तो बिचारा चहासुद्धा घेत नव्हता.

आणि फॉर्मच्या शेवटच्या पानावर डावीकडं ‘जामीनदार’, उजवीकडं ‘साक्षीदार’, दोन्हीखाली सारख्याच टिंबांची रेघ. साक्षीदारावर एका पैशाची जबाबदारी नाही, त्यानं फक्त सही होताना बघितलं. जामीनदारावर सगळी. आमच्याकडं एका बाईंनी पुढं ठामपणे सांगितलं होतं की मी साक्षीला सही केली. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या भावानं त्यांना तेच सांगून आणलं होतं, आणि मी फुलीवर बोट ठेवलं होतं.

सगळ्यात जास्त मला खुपते ती पावती. जामीनदार शेवटी पैसे भरतो, कुणी सोनं मोडून, कुणी पीएफ काढून. पावती कुणाच्या नावानं फाटते? कर्जदाराच्या. खातं त्याचं, कर्ज क्रमांक त्याचा, नाव त्याचं, आणि खाली एक छोटी रेघ असते, ‘हस्ते’. तिथं जामीनदाराचं नाव. हस्ते म्हणजे ज्याच्या हातून पैसे आले तो. दुधाचे पैसे घेऊन आलेल्या पोराचं नावही तिथंच लिहितात. उद्या त्याला कर्जदारावर दावा लावायचा झाला, करार कायद्याच्या १४५ व्या कलमाप्रमाणे भरलेले पैसे परत मागायचे झाले, तर समोरचा वकील ती पावती नाचवून म्हणणार, पैसे माझ्या अशिलाचेच, यांनी फक्त आणून भरले. एका गुरुजींच्या बाबतीत हे मी प्रत्यक्ष पाहिलं. सॉफ्टवेअरमध्ये वेगळा रकाना नाही, असं उत्तर त्यांना मीच दिलं होतं.

आता माझं मागणं. जामीनपत्राच्या वर, छापील मजकुराच्या आधी, तीन-चार रेघा कोऱ्या ठेवा. त्यावर जामीनदारानं स्वतःच्या हातानं, किंवा लिहिता येत नसेल तर त्याच्या विश्वासाच्या माणसाकडून, असं लिहावं: ‘यांनी कर्जाचे हप्ते भरले नाहीत तर संस्थेला ते पैसे मी माझ्या पैशातून भरीन. आधी त्यांच्याकडून वसूल करा, असं मला म्हणता येणार नाही. आम्ही जामीनदार कितीही असलो तरी पूर्ण रक्कम माझ्या एकट्याकडून घेता येईल.’ आणि त्याखाली आकडा, अक्षरी. बस. त्यात ‘राहीन’ कुठंही नको, ‘भरीन’ हवं. ‘संस्थेला’ हा शब्द तर हवाच हवा, मराठी वाक्यातून गळालेली ती संस्था तिथं परत येऊन बसू दे. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नाही. फ्रान्समध्ये साध्या माणसानं दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेतली तर कर्जदारानं न दिल्यास मी देईन, अमुक रकमेपर्यंत देईन, आकड्यात आणि अक्षरात, हे त्याला स्वतः लिहून द्यावं लागतं, नाहीतर हमीच टिकत नाही. आपल्याकडं रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानं किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना कर्जदारासाठी साध्या, त्याला समजणाऱ्या भाषेतलं मुख्य तथ्यांचं विवरणपत्र सक्तीचं केलं. चांगली गोष्ट झाली. पण त्यात विचार आहे तो कर्ज घेणाऱ्याचा. पैसे न घेता अडकणाऱ्यालाही तसलं एक पान मिळायला हवं. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतही नाहीत, तेव्हा तिथं तुम्हालाच ते करावं लागेल.

सह्या झाल्या की त्या कागदांची एक प्रत जामीनदाराच्या हातात द्या. कर्जदाराला देता की नाही तेही मला माहीत आहे, पण तो विषय वेगळा. हप्ता थकला की कर्जदाराला जसा फोन जातो तसा पहिल्या महिन्यातच जामीनदारालाही जाऊ दे. मित्राची गचांडी धरायची तर ती दोन हप्ते थकले असताना धरता येते, बावीस थकल्यावर तो मित्र सापडत नाही. तुमच्या वसुलीलाही त्यानं मदतच होईल. आणि पावतीवर ‘जामीनदाराने भरणा केला’ असा रकाना काढा. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून होतं ते, एका दुपारचं काम आहे. मी चौकशी केली.

या सूचना मी निवृत्तीच्या वर्षी आमच्या बैठकीत मांडल्या होत्या. एक संचालक म्हणाले, “असलं लिहून घेतलं तर जामीनदार मिळतील का? कर्जवाटप निम्म्यावर येईल.” सगळे हसले, मीही हसलो, विषय संपला. आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. काही ठिकाणी मिळणार नाहीत, हे खरं. ज्याला कुणीच ‘मी भरीन’ म्हणायला तयार नाही त्या माणसाला आपण कशाच्या भरवशावर कर्ज देत होतो, ते मग आपल्याच लक्षात येईल. पण बऱ्याच ठिकाणी मिळतील. कारण ज्याच्याकडं सातबारा नाही, दागिना नाही, घर भाड्याचं आहे, त्याच्यासाठी दुसऱ्या माणसाचा शब्द एवढं एकच तारण असतं, आणि ते देणारी माणसं आपल्याकडं आहेत. भावाच्या डायलिसिसला, मैत्रिणीच्या शिलाई मशीनला, शेजाऱ्याच्या रिक्षाच्या परमिटला जाणूनबुजून सही देणारी माणसं मी टेबलापलीकडून पाहिली आहेत. एक मावशी मला म्हणाल्या होत्या, “नाही भरलं तर मी भरीन की. लिहा तसं.” त्यांना फुली दाखवावी लागली नाही. त्या कर्जाचे हप्ते वेळेवर आले हे सांगण्यासारखं, पण ते कुठल्याही कर्जाचे येऊ शकतात, त्यातून मी काही सिद्ध करत नाही.

शिपाईमामांनाही मी आधी हे सगळं सांगितलं असतं तर त्यांनी सही दिली असती का, ते मला सांगता येत नाही. कदाचित दिली असती. वर्गबंधू होते ते दोघं.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कर्ज अधिकारी
(दोन सहकाऱ्यांच्या चालू कर्जांना अद्याप जामीनदार)

ता. क. : हे पत्र टाइप होत असतानाच मेहुण्याचा फोन आला. “दाजी, शुक्रवारी एक सही लागंल, नुसतं राहायचंय.” त्याला म्हटलं, फॉर्म आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. तासाभरानं त्याचा उलट फोन. “ते म्हणत्यात फॉर्म बाहेर देत नाही. हितंच येऊन बघा म्हणावं, सगळं फुली मारून ठेवलंय.”